हँड कंट्रोलर ‘अलाइनमेंट यशस्वी’ म्हणतो, पण आयपीसमध्ये वस्तू येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी दुर्बीण उन्नतांश-दिगंश प्रकारच्या, म्हणजे क्षितिजापासूनची उंची आणि दिशा या दोन अक्षांवर फिरणाऱ्या, संगणकीकृत माउंटवर (दुर्बीण धरून फिरवणाऱ्या बैठकीवर) बसवलेली आहे. हँड कंट्रोलरमध्ये ठिकाण आणि वेळ भरली, दोन ताऱ्यांवर अलाइनमेंट केले, म्हणजे ते तारे दाखवून माउंटला आकाशाची ओळख करून दिली, पडद्यावर ते यशस्वी झाल्याचा संदेशही आला; परंतु त्यानंतर निवडलेली वस्तू कधी आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) क्षेत्राबाहेर राहते, तर कधी दुर्बीण भलत्याच दिशेला वळते. दोष माउंटमध्ये आहे की वापरण्याच्या पद्धतीत, तो कसा शोधावा, आणि विषुववृत्तीय माउंट (ज्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवतात ते) घेतले असते तर ही अडचण आली नसती का, असे विचारले आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. या माउंटला आकाश दिसत नाही. त्याच्या दोन अक्षांवर मोटर असतात आणि आपण किती फिरलो हे ते मोटरला जोडलेल्या एन्कोडरवरून (फिरणे मोजणाऱ्या साधनावरून) किंवा स्टेपर मोटरच्या पावलांवरून मोजत असते. त्याला माहीत असते ते एवढेच. आपण भरलेली तारीख, वेळ आणि रेखांश यांवरून कंट्रोलर नाक्षत्र वेळ (ताऱ्यांच्या फिरण्यावर आधारलेली वेळ) काढतो, अक्षांशाच्या आधारे प्रत्येक ताऱ्याचे उन्नतांश आणि दिगंश किती असायला हवेत याचे गणित करतो, आणि आपण ‘हा अमुक तारा’ असे सांगून बटण दाबतो त्या क्षणीची अक्षांची स्थिती त्या गणिताशी जोडतो. दुसरा तारा दिला की स्वतःची चौकट आकाशाच्या चौकटीच्या तुलनेत किती फिरलेली आणि किती कललेली आहे हे त्याला ठरवता येते. ‘अलाइनमेंट यशस्वी’ या संदेशाचा अर्थ, आपण दाखवलेल्या दोन बिंदूंमधले कोनीय अंतर यादीतील त्या दोन ताऱ्यांमधल्या अंतराशी साधारणपणे जुळले, इतकाच आहे. ते तारे खरोखर तेच होते का, ते क्षेत्राच्या नेमक्या मध्यभागी होते का, यांची खात्री तो संदेश देत नाही. त्यामुळे माउंट चुकते तेव्हा ती चूक बहुधा आपण दिलेल्या एखाद्या माहितीतून आलेली असते, आणि चुकीचे स्वरूप नीट पाहिले तर ती माहिती कोणती हे बहुतेक वेळा ओळखता येते.

आता माहिती भरण्याकडे येऊ. तारखेचा क्रम हा सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त त्रास देणारा भाग आहे. पुष्कळ कंट्रोलर आधी महिना आणि मग दिवस मागतात. ५ जुलै ही तारीख दिवस-महिना या क्रमाने भरली तर कंट्रोलर ती ७ मे समजतो. आकाश रोज सुमारे ४ मिनिटे, म्हणजे जवळजवळ १° पुढे सरकत असल्याने एवढ्या एका उलटापालटीने ताऱ्यांची अपेक्षित स्थिती जवळजवळ ६०° ने चुकते. दिवसाचा आकडा १२ पेक्षा मोठा असेल तर कंट्रोलर तो नाकारतो आणि चूक लगेच कळते. महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांत मात्र ती निमूटपणे स्वीकारली जाते.

वेळेच्या बाबतीत तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात: घड्याळातील स्थानिक वेळ, प्रमाणवेळेचा विभाग आणि उन्हाळी वेळेचे सेटिंग. पृथ्वी तासाला १५° फिरते, म्हणून उन्हाळी वेळ नसलेल्या ठिकाणी ते सेटिंग चालू राहिले की पहिल्या ताऱ्याकडे जाताना दुर्बीण १५° च्या आसपास चुकते. हा १५° चा फरक दिसला की दुसरे काही तपासण्याआधी हे सेटिंग पाहावे. प्रमाणवेळ पूर्ण तासाऐवजी अर्ध्या तासाच्या फरकाने असेल, तर तो अर्धा तास भरला गेला आहे ना, हेही पाहावे. जीपीएस जोडल्याने ठिकाण आणि जागतिक वेळ अचूक मिळते, परंतु स्थानिक वेळेच्या विभागाचे सेटिंग चुकीचे असेल तर पडद्यावरची स्थानिक वेळ चुकीचीच दिसते. तेथे गोंधळून वेळ हाताने ‘दुरुस्त’ करू नये, विभाग दुरुस्त करावा.

ठिकाणाच्या बाबतीत मात्र लोक विनाकारण अतिदक्ष असतात. अक्षांशातील १ कला (अंशाचा साठावा भाग) जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर असते. जवळच्या गावाचे अक्षांश-रेखांश भरले आणि आपण तेथून १० किलोमीटरवर असलो तरी फरक पाच-सहा कलांचा पडतो, आणि तोही दोन ताऱ्यांच्या अलाइनमेंटमध्ये जिरून जातो. खरी चूक होते ती दोन ठिकाणी. नकाशावरून मिळालेले आकडे दशांश अंशांत असतात आणि कंट्रोलर अंश-कला मागतो, ३५.५० अंश म्हणजे ३५ अंश ३० कला, ३५ अंश ५० कला नव्हे. दुसरे, पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण हे पर्याय कारखान्यातून येताना दुसऱ्याच देशासाठी ठरवलेले असू शकतात. रेखांशापुढे पश्चिमेचे अक्षर न बदलता तसेच राहिले तर कंट्रोलर आपल्याला पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस उभे समजतो आणि अलाइनमेंटसाठी क्षितिजाखाली गेलेले तारे सुचवू लागतो. हे लक्षण एकदा ओळखीचे झाले की पुन्हा फसवत नाही.

येथे एक सूक्ष्म बाब आहे. उन्नतांश-दिगंश माउंटवर दोन तारे योग्य नावाने आणि नीट मध्यभागी आणून दिले, तर वेळेतील चूक बहुतांशी भरून निघते, कारण आकाशाचे ते फिरणे कंट्रोलर आपल्या चौकटीचाच भाग मानतो. म्हणून वेळ चुकलेली असूनही तारे आणि दीर्घिका बरोबर सापडतात, असा अनुभव येतो. चंद्र आणि ग्रह मात्र सापडत नाहीत, कारण त्यांची जागा कंट्रोलर तारीख-वेळेवरूनच काढतो. चंद्र ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तासाला साधारण अर्धा अंश, म्हणजे स्वतःच्या व्यासाएवढा, सरकतो. दिवसाला सुमारे १३°. तारे बरोबर आणि चंद्र चुकलेला, असे दिसले तर तारीख, वेळ आणि प्रमाणवेळ यांपलीकडे शोध घेण्याचे कारण नाही. चंद्र किती चुकला यावरून वेळ किती तासांनी चुकली, याचाही अंदाज येतो.

यानंतर ताऱ्यांची ओळख. आपल्या प्रश्नातील ‘भलत्याच दिशेला वळते’ या भागाचे उत्तर मला येथे असण्याची शक्यता सर्वांत जास्त वाटते. कंट्रोलरची यादी पाश्चात्त्य नावांची असते, आणि आपल्याकडे आकाशनिरीक्षण शिकलेल्या माणसाला तारे त्यांच्या भारतीय नावांनी ठाऊक असतात. म्हणून काही जोड्या पाठ असणे आवश्यक आहे: अभिजित म्हणजे वेगा, स्वाती म्हणजे आर्क्टुरस, चित्रा म्हणजे स्पायका, मघा म्हणजे रेग्युलस, ज्येष्ठा म्हणजे अँटारेस, श्रवण म्हणजे अल्टेअर, रोहिणी म्हणजे अल्डेबरान, ब्रह्महृदय म्हणजे कॅपेला, व्याध म्हणजे सिरियस, प्रश्वा म्हणजे प्रोसियॉन, अगस्त्य म्हणजे कॅनोपस. एवढ्या ताऱ्यांवर वर्षभर काम भागते. यादीतील सारख्या दिसणाऱ्या नावांपासून सावध राहावे. रायजेल हा मृग नक्षत्रातला तारा आहे, तर रिजिल केंट हा नरतुरंगातला मित्र तारा आहे. छोट्या पडद्यावर घाईघाईने पुढे सरकवताना त्यांची अदलाबदल सहज होते. मिराक, मिर्फाक आणि मिर्झाम यांचेही तसेच. पुनर्वसूचे दोन तारे, कॅस्टर आणि पोलक्स, एकमेकांपासून फक्त ४.५° वर आहेत. दुर्बीण थोडी चुकलेली असताना जवळचा कोणता हे ठरवणे कठीण असते, म्हणून दुसरा पर्याय असताना ही जोडी मी अलाइनमेंटसाठी घेत नाही.

त्याहून फसवी स्थिती ग्रहामुळे येते. रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा हे चारही तारे क्रांतिवृत्ताजवळ (सूर्य आणि ग्रह ज्या वाटेने सरकताना दिसतात तिच्याजवळ) आहेत, म्हणून एखादा तेजस्वी ग्रह त्यांच्या शेजारी येऊन बसलेला असू शकतो. कंट्रोलर दुर्बीण नेऊन थांबवतो, जवळ ठळक बिंदू दिसतो आणि आपण गुरूला चित्रा समजून मध्यभागी आणतो. नक्षत्राचा आकार नुसत्या डोळ्यांनी ओळखून, ताऱ्याचा रंग पाहून आणि आयपीसमध्ये तो बिंदूच राहतो की त्याला चकती दिसते हे पाहून खात्री करावी. सेलेस्ट्रॉन या कंपनीच्या ‘स्कायअलाइन’ पद्धतीत नावे सांगावी लागत नाहीत. कोणत्याही तीन ठळक वस्तू मध्यभागी आणायच्या आणि त्यांच्यातील परस्पर अंतरांवरून कंट्रोलर त्या ओळखतो. नवशिक्याला ती सोयीची वाटते, आणि ती चांगली चालतेही, पण तिच्यासाठी तारीख-वेळ आणि ठिकाण बिनचूक असणे आवश्यक असते. ज्यांना चार-पाच तारे खात्रीने ओळखता येतात त्यांनी नाव सांगून करायची दोन ताऱ्यांची पद्धत वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात चूक झाली तर ती कुठे झाली हे कळते.

तारे कोणते निवडावेत याला भूमितीचे कारण आहे. दोन्ही तारे एकमेकांजवळ असतील तर मध्यभागी आणण्यातली लहानशी चूक त्या जोडीपासून दूर जाताना वाढत जाते. दोघांमध्ये ६० ते १२० अंशांचे अंतर असावे. स्वाती आणि अभिजित यांच्यात सुमारे ५९° आहेत, मघा आणि स्वाती यांच्यात सुमारे ६०°, ब्रह्महृदय आणि व्याध यांच्यात सुमारे ६६°. या जोड्या चांगल्या आहेत. मात्र दोन तारे आकाशात बरोबर समोरासमोर, १८०° च्या आसपास, नसावेत, कारण तेव्हाही गणित दुबळे होते. क्षितिजाजवळचा तारा टाळावा. वातावरणीय वक्रीभवनामुळे तो आहे त्यापेक्षा वर दिसतो, अगदी क्षितिजावर अर्ध्या अंशाहून अधिक आणि १०° उंचीवरही सुमारे पाच कला. डोक्यावरचा ताराही टाळावा. ८०° उन्नतांशावर माउंट दिगंशात पूर्ण १° फिरले तरी आकाशात प्रत्यक्ष सरकणे फक्त १० कलांचे असते, त्यामुळे तेथे तारा मध्यभागी आला तरी दिगंश अक्षाची स्थिती ढोबळच कळते. २५° ते ६५° उंचीचा पट्टा उत्तम.

आता तारा मध्यभागी आणण्याविषयी, आणि येथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ‘वस्तू थोडक्यात बाहेर राहते’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा याच अर्ध्या मिनिटात असते. समजा, दुर्बिणीचे नाभीय अंतर १२५० मिलिमीटर आहे. २५ मिलिमीटरच्या आयपीसने ५० पट वर्धन मिळते आणि त्या आयपीसचे भासमान दृश्य क्षेत्र (डोळ्याला दिसणाऱ्या वर्तुळाचा कोन) ५२° असेल तर आकाशाचा सुमारे १° भाग दिसतो. इतक्या मोठ्या वर्तुळाचा मध्य नुसत्या नजरेने ठरवताना चार-पाच कलांची चूक सहज होते. १० मिलिमीटरचा आयपीस लावला तर वर्धन १२५ होते, क्षेत्र सुमारे २५ कलांचे उरते आणि मध्य ठरवण्यातली चूक दोनेक कलांवर येते. म्हणून आधी फाइंडरमध्ये (नळीवर बसवलेल्या छोट्या शोधकात), मग कमी शक्तीच्या आयपीसमध्ये आणि शेवटी अधिक शक्तीच्या आयपीसमध्ये तारा आणावा. क्रॉसहेअर असलेला आयपीस असेल तर उत्तमच. नसेल तर फोकस मुद्दाम बिघडवून ताऱ्याची मोठी फिकी चकती करावी. ती चकती क्षेत्राच्या कडेपासून सर्व बाजूंनी सारख्या अंतरावर आहे का, हे डोळ्याला बिंदूपेक्षा कितीतरी चांगले कळते.

सेलेस्ट्रॉनच्या नेक्सस्टार कंट्रोलरमध्ये या टप्प्याला दोन बटणे आहेत. तारा फाइंडरमध्ये आला की ‘एंटर’, त्यानंतर वेग आपोआप कमी होतो. आयपीसच्या मध्यभागी आला की ‘अलाइन’. फाइंडर मुख्य नळीशी जुळवलेला नसेल तर ‘एंटर’ दाबल्यानंतर तारा आयपीसमध्ये नसतोच, आणि कमी वेगाने शोधाशोध करताना भलताच तारा हाती लागतो. फाइंडर दिवसाउजेडी, दूरच्या मनोऱ्यावर किंवा खांबावर जुळवून ठेवावा. तो सूर्याच्या आसपासही नेऊ नये. वेगाच्या आकड्यांपैकी ९ हा सर्वांत जलद असतो; फाइंडरसाठी ६ किंवा ७ आणि आयपीससाठी ३ किंवा ४ हे आकडे सोयीचे पडतात. काही कंट्रोलर कमी वेगावर वर-खाली बटणांची दिशा उलट करतात, जेणेकरून आयपीसमधील प्रतिमा बटणाच्या दिशेने सरकावी. हा बिघाड नव्हे.

आणि शेवटची हालचाल कोणत्या बटणाने होते, हे महत्त्वाचे आहे. गिअरच्या दात्यांमध्ये थोडी मोकळीक असते. तिला बॅकलॅश म्हणतात. दिशा बदलली की मोटर फिरू लागते, पण ती मोकळीक संपेपर्यंत नळी हलत नाही, आणि एन्कोडर मात्र ती हालचाल मोजून बसतो. वस्तूकडे जाताना कंट्रोलर शेवटचा टप्पा नेहमी एकाच ठरावीक दिशेने पूर्ण करतो. आपणही अलाइनमेंटच्या वेळी तारा त्याच दिशेने मध्यभागी आणला, तर दोन्ही वेळी दाते एकाच बाजूने टेकलेले असतात आणि मोकळीक हिशेबातून निघून जाते. नेक्सस्टार आणि स्काय-वॉचरचा सिनस्कॅन या दोन्ही कंट्रोलरमध्ये नेहमीच्या सेटिंगनुसार शेवटची हालचाल ‘वर’ आणि ‘उजवे’ या बटणांनी करायची असते. तारा मध्याच्या पलीकडे गेला तर उलट बटणाने थेट मध्यावर आणू नये. बराच मागे न्यावा आणि पुन्हा ‘वर’ व ‘उजवे’ यांनीच आणावा. नळी मागच्या बाजूला जड असेल आणि उन्नतांशातील शेवटची दिशा सेटिंगमधून बदललेली असेल, तर आपले बटणही त्यानुसार बदलेल. बॅकलॅश भरून काढण्याचे वेगळे सेटिंगही मिळते. बटण दाबल्यावर प्रतिमा क्षणभर थांबून मग सरकत असेल तर आकडा थोडा वाढवावा, बटण दाबताच प्रतिमा टुणकन उडत असेल तर कमी करावा. अलाइनमेंटच्या आधीच तो ठरवून टाकावा, मध्येच बदलू नये.

एवढे केल्यावरही वस्तू चुकत असेल तर चुकीचा नमुना पाहावा. प्रत्येक वस्तू एकाच बाजूला आणि जवळजवळ सारख्याच अंतराने चुकते, असे असेल तर शेवटच्या हालचालीची दिशा चुकली आहे, किंवा अलाइनमेंटनंतर डायगोनल (आयपीसआधी बसवलेला प्रकाश वळवणारा आरसा) सैल होऊन फिरला आहे. पहिल्या ताऱ्याजवळ सारे बरोबर आणि दुसऱ्या बाजूला गेले की चूक वाढत जाते, असे असेल तर दुसरा तारा चुकीचा ओळखला गेला आहे. सुरुवातीला बरोबर असलेले माउंट तासाभरात हळूहळू चुकू लागले तर ट्रायपॉडचा एखादा पाय मऊ जमिनीत रुतत आहे, किंवा क्लच (अक्ष आवळून धरणारी पकड) घसरत आहे. क्लच पुरेसा आवळलेला नसेल तर मोटर फिरते, मोजणी होते, पण नळी मागे राहते; आयपीस बदलताना नळीला लागणारा हाताचा धक्काही त्याला पुरतो. अक्षांवर स्वतंत्र एन्कोडर असलेली माउंट सोडल्यास अलाइनमेंटनंतर नळी हाताने कधीही फिरवू नये. श्मिट-कॅसेग्रेन (आरसे आणि पुढे भिंगासारखी काच असलेल्या आखूड नळीच्या) दुर्बिणीत आणखी एक कारण संभवते: फोकस करताना मुख्य आरसा किंचित कलतो आणि प्रतिमा सरकते. तेथे फोकसची शेवटची फिरवणी नेहमी एकाच दिशेने, आरसा वर ढकलला जाईल अशी, म्हणजे सामान्यतः घड्याळाच्या काट्यांच्या उलट, करावी.

या कोणत्याही नमुन्यात न बसणारे, दर वेळी निराळे वागणे दिसले, दुर्बीण मध्येच स्वतःहून फिरत सुटली, किंवा पडदा मंद होऊन कंट्रोलर पुन्हा सुरू झाला, तर वीजपुरवठ्याचा संशय घ्यावा. ही माउंट १२ व्होल्टवर चालतात आणि दोन्ही मोटर जलद फिरताना विजेची मागणी एकदम वाढते. माउंटमध्ये बसवायचे छोटे सेल नवे असताना चालतात. थोडे उतरले की जलद हालचालीच्या वेळी व्होल्टेज खाली जाते आणि कंट्रोलरची मोजणी बिघडते, तरी दिवा पेटलेलाच असतो, त्यामुळे संशय येत नाही. पुरेशा क्षमतेची १२ व्होल्टची बॅटरी किंवा माउंटच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या प्रवाहाचा अडॅप्टर वापरावा आणि ध्रुवता तपासावी; बहुतेक माउंटमध्ये पिनचा मधला भाग धन असतो. नळी फिरताना पिन सैल होते, म्हणून वायर ट्रायपॉडच्या पायाला बांधून थोडी ढील ठेवावी. नेक्सस्टारच्या पडद्यावर ‘नो रिस्पॉन्स १६’ किंवा ‘नो रिस्पॉन्स १७’ असा संदेश आला तर कंट्रोलरचा अनुक्रमे दिगंश किंवा उन्नतांश मोटरच्या सर्किट बोर्डाशी संपर्क तुटलेला असतो, आणि बहुतेक वेळा कारण सैल जोडणी किंवा उतरलेली बॅटरी हेच निघते. हँड कंट्रोलरची वायर ऑटोगाइडरच्या (छायाचित्रणात पाठलाग सुधारणाऱ्या कॅमेऱ्याच्या) छिद्रात घालू नये. ती छिद्रे सारखी दिसतात आणि नुकसान कायमचे होऊ शकते.

विषुववृत्तीय माउंटने अडचण कमी झाली असती का? माझे उत्तर नकारार्थी आहे. त्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असल्याने ताऱ्याचा पाठलाग एकाच मोटरने होतो आणि दीर्घ छायाचित्रणात क्षेत्र फिरत नाही. छायाचित्रणासाठी तो लाभ मोठा आहे. परंतु डोळ्यांनी पाहण्यासाठी त्याची गरज नाही, आणि तयारी मात्र वाढते. ध्रुवीय अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि ध्रुवतारा स्वतः ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे. अक्ष थोडा चुकला तरी कंट्रोलर वस्तू शोधताना ती चूक भरून काढतो, पण पाठलाग करताना वस्तू हळूहळू सरकत राहते. शिवाय नळी आणि क्रांती अक्ष (या माउंटचा दुसरा अक्ष) यांच्यात नेमका काटकोन नसेल तर शंकुदोष येतो, आणि तो याम्योत्तर वृत्ताच्या (उत्तर-दक्षिण जाणाऱ्या, डोक्यावरून जाणाऱ्या रेषेच्या) दोन बाजूंना उलट दिशांनी दिसतो: पूर्वेकडे सारे बरोबर, पश्चिमेकडे सारे चुकलेले. म्हणून तेथे दोन तारे एका बाजूचे आणि तिसरा दुसऱ्या बाजूचा घेतात. आपल्या माउंटला यातले काही लागत नाही. त्याचा ट्रायपॉड स्पिरिट लेव्हलने साधारण सपाट केला की पुरे. थोडा कल राहिलाच तर दुसरा तारा तो सांभाळून घेतो.

कधी कधी माउंट बरोबर असते आणि वस्तूच दिसत नाही, हे वेगळे ओळखले पाहिजे. कंट्रोलरच्या यादीत चाळीस हजारांच्या आसपास वस्तू असल्याचे सांगितले जाते. तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका यांच्या एनजीसी या एकाच यादीत ७८४० नोंदी आहेत आणि त्यांतील पुष्कळशा लहान दुर्बिणीच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. एम ३३ (मेसिए यादीतील ३३वी वस्तू) या दीर्घिकेची एकूण प्रत (तेजस्वितेचे माप) ठळक वाटते, पण तिचा प्रकाश एवढ्या मोठ्या भागावर पसरलेला आहे की प्रकाशाने भरलेल्या आकाशात ती क्षेत्राच्या मध्यभागी असूनही दिसत नाही. देवयानी दीर्घिका ३° हून लांब आहे. १° च्या क्षेत्रात तिचा फक्त उजळ गाभा येतो. त्यामुळे माउंटची परीक्षा घेताना शंकेला जागा नसलेल्या वस्तू निवडाव्यात: शौरीतील एम १३ हा गोलाकार तारकागुच्छ, अल्बिरिओ हा रंगीत जोडतारा, स्वरमंडळातील एम ५७ हा कंकणाकृती तेजोमेघ. एम ५७ लहान असला तरी ८.८ प्रतीचा आणि घट्ट कडेचा आहे, त्यामुळे तो आला की नाही याबद्दल वाद राहत नाही.

फिक्या वस्तूंसाठी एक पद्धत मला नेहमी उपयोगी पडते. आकाशाच्या ज्या भागात बराच वेळ काम करायचे आहे तेथील एक ठळक तारा कंट्रोलरवरून गाठावा, तो वर सांगितलेल्या पद्धतीने मध्यभागी आणावा आणि ‘सिंक’ करावा, म्हणजे आपण याच ताऱ्यावर आहोत असे कंट्रोलरला सांगावे. सिनस्कॅनमध्ये याच कामासाठी अचूकता वाढवण्याचा वेगळा पर्याय आहे. त्यानंतर त्या परिसरातील वस्तू जवळजवळ मध्यभागी येतात. दुसऱ्या भागात गेल्यावर तो सिंक काढून टाकावा किंवा तेथील ताऱ्यावर नव्याने करावा, नाहीतर एका कोपऱ्याची दुरुस्ती सगळ्या आकाशाला लागू होते.

सूर्याबद्दल वेगळे सांगणे माझे कर्तव्य आहे. काही कंट्रोलर सूर्याचे नाव ग्रहांच्या यादीत मुद्दाम लपवून ठेवतात आणि ते सेटिंगमधून उघडावे लागते. नळीच्या पुढच्या तोंडावर पूर्ण व्यासाचे प्रमाणित सौर फिल्टर घट्ट बसवल्याशिवाय आणि फाइंडर झाकल्याशिवाय ते उघडू नये. दिवसा एका वस्तूकडून दुसरीकडे जाताना दुर्बीण सूर्यावरून जाऊ शकते, आणि कंट्रोलर ती वाट टाळेल असे गृहीत धरू नये.

दर रात्री अलाइनमेंट नव्याने करावे लागते का, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण तो लवकरच पडेल. माउंट जागचे हलणार नसेल तर गरज नाही. बंद करण्यापूर्वी कंट्रोलरमधील ‘हायबरनेट’ किंवा ‘पार्क’ हा पर्याय वापरावा. अक्षांची स्थिती जतन होते आणि पुढच्या रात्री योग्य तारीख-वेळ भरली की जुने अलाइनमेंट पुन्हा लागू होते. त्या मधल्या काळात क्लच सोडू नये, नळी हलवू नये, आणि सुरू केल्यावर एखादा ओळखीचा तारा गाठून पाहावा. तो आयपीसमध्ये आला तर थोडासा मध्यभागी घेऊन सिंक करावे. फाइंडरच्याही बाहेर असेल तर जुने अलाइनमेंट पुसून सुरुवातीपासून करावे, कारण मधल्या काळात कोणीतरी किंवा कशाने तरी माउंट हलवलेले असते आणि त्या मोजणीला आता आधार राहिलेला नसतो.